तीन रेघा पुढे

२ सप्टेंबर, संध्याकाळ

आजची तारीख विसरायची नाही. आज तिने रुमालात गुंडाळलेलं तिच्या बाबांचं घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं, आणि त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. कालपर्यंतचा मी म्हणजे काकांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकणारा एक मुलगा. आजपासूनचा मी म्हणजे एका घराचा आधार.

(कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. लॅबमधले सर सगळ्यांदेखत मला बावळट म्हणाले, मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो. ती दुसऱ्या बाकावर होती. तिने मान वर करून बघितलं. त्या एका नजरेवर मी वर्ष काढलंय.)

घड्याळ अस्सल व्हिंटेज. क्रोनोग्राफ, म्हणजे मनगटी घड्याळाच्याच पोटात स्टॉपवॉच. पांढरी डायल, कडेला लाल आकडे. हे खास नाडी बघायचं मॉडेल. बटण दाबायचं, लांब काटा धावू लागतो. पंधरा ठोके मोजायचे, पुन्हा बटण. काटा जिथे थांबला तिथला लाल आकडा म्हणजे मिनिटाचे ठोके. काटा जितका पुढे गेलेला, तितका आकडा लहान. तिचे बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते, जन्मभर याच घड्याळावर लोकांच्या नाड्या मोजल्या. आता स्वतःची मोजावी लागते. हृदय मध्येच पळत सुटतं. डॉक्टरांनी बजावलंय, शंभरच्या वर गेलं की विचार करत बसू नका, उचलून घेऊन या. बोटाला लावून नाडी बघायचं ते बॅटरीचं यंत्र त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकून दिलंय. म्हणतात, मी बॅटरीवर विश्वास ठेवत नाही.

आणि नेमका तो लांब काटा सैल झालाय. डायलवर मेल्यासारखा लोंबकळतो.

ती म्हणाली, तुला घड्याळांतलं कळतं ना? मी म्हटलं, थोडंफार. (नम्रता.)

संकल्प: हा महिना संपायच्या आत ती आपणहून माझा हात धरेल.

३ सप्टेंबर

ताईला सांगितलं, माझ्या खोलीत आता केर काढायचा नाही, नाजूक काम चालू आहे. ताई म्हणाली, तू कधी काढतोस ते आधी सांग. मग म्हणाली, तीन-तीन घड्याळं असून दुकानात जायला रोज उशीर कसा होतो रे तुला?

अज्ञान. संग्रहातलं पहिलं बंद आहे, दुसरं उलटं धरलं की चालतं, तिसऱ्याच्या आतलं यंत्र अजून मिळायचंय. संग्राहक वेळ बघण्यासाठी घड्याळ ठेवत नाही.

काका म्हणाले, कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे टाक, पाच मिनिटांचं काम आहे. मी सांगितलं, तो माणूस केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, पॉलिश करतो. पॉलिशने कडा जातात, कडांबरोबर इतिहास जातो. काका म्हणाले, अरे काटा घट्ट करायचाय ना? इतिहास कुठून आला मध्ये? मी ताटावरून उठलो. आईने माझं ताट झाकून ठेवलं. आई हल्ली माझ्याशी फारसं बोलत नाही. समजून घेतलं असावं.

६ सप्टेंबर, दुपार

शस्त्रक्रिया यशस्वी.

ताईचा भुवया कोरायचा चिमटा. रिफिलचं मागचं टोक. व्हिडिओ दोनदा बघितला, दुसऱ्यांदा फास्ट करून. काच उघडली, काटा धरला, दांडीवर टेकवला, दाबला. बारीकसा टक् आवाज झाला. आयुष्यात इतका समाधानाचा आवाज मी ऐकलेला नाही. बटण दाबल्यावर काटा असा निघाला की डोळ्यांत पाणी आलं.

एक बारीकशी गोष्ट. रीसेटचं बटण दाबल्यावर काटा बाराच्या रेघेवर येऊन उभा राहायला हवा. तो तीन रेघा पुढे थांबतो. काढून पुन्हा बसवायला गेलो तर वाकायला लागला. हात घामेजले. थांबलो. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तोच खरा कारागीर.

तीन रेघा! दिसणारसुद्धा नाही.

७ सप्टेंबर

दिसल्या. तिला लगेच दिसल्या. म्हणाली, हा आधी सरळ वर उभा असायचा ना रे?

मी अडखळलो नाही. म्हटलं, मधल्या काळात काटा चुकीचा बसवलेला होता, मी मूळ स्थितीला आणला. जुन्या क्रोनोग्राफमध्ये काटा असाच विसावतो. याला विश्रांती-स्थिती म्हणतात.

शब्द आपोआप सुचला. काही माणसांना उपजत असतं.

तिने मान डोलावली. मग हसली. हसताना तिच्या डाव्या गालावर... असो. तिने दारातूनच घड्याळ घेतलं. आतली खोली अंधारी होती, पडदे ओढलेले. भावी सासऱ्यांचा खोकला ऐकू आला.

९ सप्टेंबर

संग्राहकांच्या ग्रुपवर ‘विश्रांती-स्थिती’वर छोटी पोस्ट टाकली. टिकटिक अंकल (ॲडमिन, रिटायर्ड, कुचकट) यांनी विचारलं, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलंत? बाकीच्यांनी हसण्याचे चेहरे टाकले. मी सणसणीत उत्तर दिलं आणि ग्रुप सोडला. मग लक्षात आलं की नव्या लाँचच्या तारखा त्याच ग्रुपवर येतात. ताईच्या नंबरावरून पुन्हा जॉइन झालो.

१२ सप्टेंबर

तिचा फोन! आपणहून! म्हणाली, बाबांची नाडी घड्याळ आल्यापासून किती शांत आहे, रोज ऐंशीच्या आसपास. आधी वर-खाली व्हायची. तुझ्या हाताला गुण आहे.

तुझ्या हाताला गुण आहे. पुन्हा लिहितो. तुझ्या हाताला गुण आहे.

आईला सांगितलं. आई म्हणाली, डॉक्टरांना दाखवलं का त्यांनी? आईला आनंद पचत नाही.

१५ सप्टेंबर

त्यांच्या घरी गेलो. निमित्त: पट्टा बदलून देणे. तीन जिने धावत चढलो, कारण ती गॅलरीत उभी होती.

भावी सासरे खुर्चीत. पायांवर चादर. कपाळ ओलं. मला म्हणाले, छान केलंस बाळा. हात पुढे केला तर बोटं थरथरत होती. म्हातारपण.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी त्यांच्याच घड्याळावर स्वतःची नाडी मोजली. ऐंशी! तीन जिने चढून, ती दहा पावलांवर असताना, फक्त ऐंशी! हीच परिपक्वता. सर मला बावळट म्हणाले होते.

निघताना ती हळूच म्हणाली, बाबा कधीकधी म्हणतात, नाडी पळतेय गं. पण मी घड्याळ दाखवते. चौऱ्याऐंशी म्हटल्यावर गप्प बसतात. घड्याळापुढे ते बोलत नाहीत.

१६ सप्टेंबर

सहज म्हणून आपल्या घराचे तीन जिने चढलो आणि फोनवर नाडी बघितली. एकशे नऊ.

फोन चुकीचा असणार. स्वस्तातला आहे.

ताईच्या मनगटावरचा नाडी दाखवणारा फिटनेस-पट्टा मागून घेतला, पुन्हा जिने. एकशे आठ. ताई म्हणाली, प्रेमात आहेस की पळून जायच्या तयारीत?

कागद घेतला. काटा तीन रेघा, म्हणजे तीन सेकंद, पुढून निघतो, म्हणजे जिथे थांबायला हवा त्याच्या तीन रेघा पुढे थांबतो. पुढे थांबला म्हणजे आकडा लहान. म्हणजे माझे ऐंशी हे ऐंशी नव्हतेच. म्हणजे त्यांचे चौऱ्याऐंशी हे

गणित मध्येच सोडलं. गणित माझा विषय कधीच नव्हता.

१७ सप्टेंबर

रात्रभर विचार केला. खरं तर झोप चांगली लागली, पण विचार करायचं ठरवलं होतं.

आत्ताच सांगितलं तर ती घाबरेल. घाबरलेल्या माणसाला उगाच धक्का देऊ नये. शिवाय ‘तुझ्या हाताला गुण आहे’ याचं काय? योजना अशी: परवा जायचं, म्हणायचं की सर्व्हिसिंगनंतर एक मोफत तपासणी असते. घड्याळ आणायचं, काटा सरळ करायचा, परत द्यायचं. कुणाला कळणार नाही, कुणाला दुखणार नाही.

उद्याच गेलो असतो. पण उद्या लाँच आहे.

१८ सप्टेंबर, दुपार

नव्या क्रोनोग्राफचं लाँच. जुन्या मॉडेलची हुबेहूब नवी आवृत्ती, मोजकेच नग, ऑनलाइन रांग. मला घ्यायचं नाहीये. परवडण्याचा प्रश्नच नाही. पण रांगेत उभं राहायलाच हवं, संग्राहकाला रांगेचा स्क्रीनशॉटही पुरतो. पान बंद झालं की नंबर शेवटी जातो, म्हणून फोन हातात धरून दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांवर बसलोय. काकांना सांगितलं, पोट बिघडलंय.

तिचा फोन आला. कॉल घेतला तर पान जाईल. कट केला.

पुन्हा आला. कट केला. मनात म्हटलं, बघ, किती ओढ आहे.

तिसऱ्यांदा बराच वेळ वाजला. त्या वाजण्यात काहीतरी वेगळं होतं असं आता वाटतं. तेव्हा माझा नंबर जवळ आला होता.

१८ सप्टेंबर, संध्याकाळ

सगळी घड्याळं संपली. माझ्या आधीच्या माणसापर्यंत होती म्हणे.

तिला लावला. उचलत नाही. पुन्हा लावला. काका दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, बरं आहे का पोट? माझ्या तोंडाकडे बघितलं. शटर त्यांनीच ओढलं.

२० सप्टेंबर

गेलो. काल नाही गेलो, कारण काल जमलं नाही. काल का जमलं नाही ते लिहीत नाही.

जिने हळूहळू चढलो. दार तिच्या आत्याने उघडलं. म्हणाली, परवापासून हॉस्पिटलात आहेत, मशीनवर. ती कपडे न्यायला येतेय, बस. आत्या आत डबा भरायला गेली.

पडदे उघडे होते. रिकामी खुर्ची, पायांवरची चादर घडी करून ठेवलेली. आणि टेबलावर घड्याळ.

ताईचा चिमटा हल्ली माझ्या खिशात असतोच. काय करतोय हे माझ्या लक्षात यायच्या आत काच उघडलेली होती. या वेळी हात कोरडे होते. काटा अलगद सुटला, अलगद बसला. रीसेट दाबलं. बरोबर बारावर. केसाइतकाही फरक नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. वाटलं, झालं. आता कुणीही तपासलं तरी घड्याळ निर्दोष आहे.

काच बसवत होतो आणि ती दारात उभी होती.

ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो, मला तेवढं जमतं. ती ओरडली नाही. पिशवी खाली ठेवली, टेबलाजवळ आली, काट्याकडे बघितलं. म्हणाली, सरळ उभा आहे.

मी म्हटलं, हो, म्हणजे तपासणी असते एक.

ती म्हणाली, डॉक्टरांनी विचारलं, हृदय किती दिवसांपासून असं पळत होतं? मी सांगितलं, पळत नव्हतंच. आमच्याकडे घड्याळ आहे. मी रोज मोजलंय. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. त्यांना वाटलं असेल, त्यांचंच काहीतरी चुकलं.

मग म्हणाली, विश्रांती-स्थिती.

मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात तिने माझा हात धरला.

आपणहून. महिना संपायच्या आत. बोटं गार होती. मनगट चाचपलं, नाडी सापडली तिथे तीन बोटं ठेवली, बाबांनी शिकवलं असावं तशी. दुसऱ्या हाताने टेबलावरच्या घड्याळाचं बटण दाबलं. काटा निघाला. तिचे ओठ हलत होते, नजर माझ्याकडे एकदाही नाही. पंधरा झाल्यावर पुन्हा बटण. वाकून आकडा वाचला.

मला सांगितला नाही. विचारायची माझीही हिंमत झाली नाही.

म्हणाली, आता बरोबर चालतंय. आणि हात सोडला.

पिशवी उचलून म्हणाली, तू जा आता.

चिमटा टेबलावरच राहिला. आत आत्या डब्याचं झाकण लावत होती. मी चपला पायांत सरकवल्या, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.