वंदनेच्या वेळचे फोटो

पिंप्राळा, जळगाव
दि. २४ मार्च २०२५

चि. राकेश यास,
सुनंदाअक्काचे अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

फोन करत जाऊ नकोस असं तुला किती वेळा सांगायचं? परवा एवढा वेळ बोललास, त्यातलं मला तुझं खाकरणं तेवढं ऐकू आलं. बाकी सगळ्याला मी हो हो म्हटलं. कशाकशाला हो म्हटलं ते लिहून कळव, नाहीतर नंतर माझ्या अंगाशी यायचं. प्रशीलने कानाचं मशीन आणून दिलंय, पण त्यात पंख्याचाच आवाज जास्त येतो. आपली पत्रंच बरी. तुझं अक्षर अजून चौथीतल्यासारखं आहे, पण वाचता तरी येतं.

तर बातमी अशी की माझ्या प्रशीलचं लग्न ठरल्याप्रमाणे २७ एप्रिलला, रविवारी, इथल्याच हॉलमध्ये. मेघाच्या घरचे लोक साधे आहेत. मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. तुला रुसायचं असेल तर आत्ताच रुसून घे.

आता पुढचं वाचून चष्मा काढून ठेवू नकोस. लग्नाचे फोटो तुझी वृषाली काढणार आहे. मी ठरवलं, प्रशील हो म्हणाला. दोन वर्षांपूर्वी त्याने आपला कॅमेरा तिला दिला तेव्हापासून पोरीने काय काय टिपलंय ते तू घरात राहून बघितलं नसशील, मी इथून बघितलंय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मयुरीचा स्टुडिओ आहे. तिला ते फोटो दाखवले. ती म्हणाली, पोरीला नजर आहे, माझ्या हाताखाली पाठवा, दोन वर्षांत स्वतःच्या पायावर उभी राहील. बारावीची परीक्षा झालीच आहे. तिने माझ्याकडे राहावं, सकाळी कॉलेज करावं, दुपारी स्टुडिओत शिकावं, असं माझ्या मनात आहे. तिच्या मनात तर कधीचंच आहे, तुझ्यापुढे तोंड उघडत नाही एवढंच.

हेमलताला आशीर्वाद सांग. उन्हात हिंडू नकोस. माया आहेच, ती रागाच्या भरात पातळ करू नकोस.

तुझी,
अक्का

•

देवपूर, धुळे
दि. २ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
राकेशचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तू ज्याला हो म्हणालीस ते असं: वृषालीला डी. फार्मसीला घालायचं, आणि फोटोबिटोचं वेड तू तिच्या डोक्यातून काढायचं. दोन्हीला अगदी जोरात हो म्हणालीस. आता पत्र वाचून कळलं की वेड घालणारी तूच आहेस.

अक्का, मी काही जुन्या वळणाचा माणूस नाही. पोरीने शिकावं, नाव काढावं असं मलाही वाटतं. पण लग्नातला फोटोवाला तू बघितला आहेस ना? नाव कोणी विचारत नाही, ओ फोटोवाले म्हणून हाका मारतात. सगळ्यांची जेवणं उरकली की तो ताट घेऊन कोपऱ्यात उभा. तुला आठवत असेल, आपले आबा सांगायचे. लहानपणी सोनगीरला कुणाचं लग्न असलं की ते त्यांच्या आईबरोबर मांडवाबाहेर बसून राहायचे, आतली पंगत उठायची वाट बघत. सांगताना आबा हसायचे, पण मला ते हसू कधी सहन झालं नाही. त्यांच्या नातीने पुन्हा दुसऱ्याच्या मांडवात ताटाची वाट बघत उभं राहावं, हे माझ्याने होणार नाही. औषधाच्या दुकानात ती काउंटरच्या आत उभी असेल. मला तेवढंच हवंय.

तरी तुझा शब्द मोडत नाही. लग्नाचे फोटो तिने काढावेत. ते नीट निघाले आणि तुझे व्याही-विहीण समाधानी झाले, तर जूनमध्ये मी स्वतः तिला तुझ्याकडे आणून सोडीन. नाही जमलं तर फार्मसी, आणि कॅमेरा प्रशीलला परत. तिला हे समोर बसवून सांगितलं. तिने मान हलवली आणि लगेच कॅमेऱ्याची काच पुसायला बसली.

हेमलता जय भीम सांगते. लहान भावावर राग धरू नकोस, धरलास तरी पत्रातून कळवत जा.

तुझा,
राकेश

•

धुळे
दि. ३० एप्रिल २०२५

ती. आत्यास,
वृषालीचा सविनय जय भीम.

पत्र कसं सुरू करतात ते पप्पांना न विचारता लिहितेय, चुकलं तर समजून घे. व्हॉट्सअॅपवर बऱ्याचदा लिहिलं आणि पुसून टाकलं. तिथे पाठवलं असतं तर प्रशीलदादाने आधी वाचलं असतं.

आत्या, हार घालतानाचा फोटो नाहीये. प्रतिज्ञेचाही नाही. मी पाठवलेल्यांत शोधत बसू नकोस.

सकाळपासून सगळं छान चाललं होतं गं. मेघावहिनीची साडी पांढरी, दादाचे कपडे पांढरे, मागची भिंतसुद्धा पांढरी, तरी मी जमवलं होतं. मग बौद्धाचार्यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं आणि त्रिशरण सुरू झालं. माझे हात आपोआप जोडले गेले. पप्पांनी लहानपणापासून सांगितलंय, वंदना सुरू झाली की हातातलं खाली ठेवायचं. पाटी असो, खाऊ असो, खाली ठेवायचं. मी कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि डोळे मिटले. पुढे प्रतिज्ञा म्हणताना दादाचा आवाज कापायला लागला, त्यात मला रडू आलं. कॅमेरा आठवला तेव्हा दोघांच्या गळ्यात हार होते आणि लोक पाकळ्या टाकत होते. मग सगळ्यांचे मोबाइल शोधले. आपली सगळीच माणसं हात जोडून उभी होती. एकाच्याच मोबाइलमध्ये मिळाला, त्यात दादाचा कान आहे आणि मोठा कूलर.

पप्पा रागावले नाहीत. फक्त गाडीत म्हणाले, आपल्याला जमत नाही ते जमत नाही म्हणावं. मी कॅमेरा पुसून खोक्यात भरून ठेवलाय. कोणी येणार असेल त्याच्यासोबत पाठवीन. दादाला आणि वहिनीला माझ्याकडून सॉरी सांगशील? मला ते तोंडाने जमणार नाही.

तुझ्या घरचा एवढा मोठा दिवस मी घालवला. तरी मला टाकू नकोस.

तुझी,
वृषाली

•

पिंप्राळा, जळगाव
दि. ६ मे २०२५

चि. राकेश यास,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

वृषालीचं पत्र आलं. वाचून आधी मी पोटभर रडले आणि मग पोटभर हसले. दादाचा कान आणि कूलर! प्रशीलने तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर लावून ठेवलाय, मेघा त्याला चिडवते.

विहीणबाई नाराज झाल्या, खोटं कशाला सांगू. पुन्हा हार आणू, दोघांना उभं करू आणि फोटो काढू, असं म्हणत होत्या. मेघाच नको म्हणाली. म्हणाली, लग्न एकदाच लागलं, आता त्याचं नाटक करायचं नाही. पोरगी मला पहिल्यापासून आवडलीच होती, आता जास्त आवडायला लागली.

आता तुझ्याबद्दल. त्या चुकीत वृषालीचा वाटा किती आणि तुझा किती, याचा जरा विचार कर. वंदना सुरू झाली की हातातलं खाली ठेव, हे तिला कोणी शिकवलं? पोरीने बापाचं ऐकलं. ऐकलं म्हणून बाप तिला नापास करतोय. मी नर्स होते तेव्हा नवीन पोरी रक्त बघून चक्कर येऊन पडायच्या. त्यांना कोणी घरी पाठवलं असतं तर जिल्ह्यात एक नर्स उरली नसती.

आणि ऐक. मेघाची मावशी बेबाबाई तुला आठवत असतील, साक्रीच्या. पुढचा दात पडल्यापासून त्या फोटो काढताना पदर तोंडावर घेतात. वृषालीने त्यांना स्वयंपाकघराच्या दारात पकडलं, मोठ्याने हसताना, पदरबिदर काही नाही. तो फोटो बघितला आणि राकेश, मला ठार बहिरीला त्यांचं हसणं ऐकू आलं. बेबाबाईंनी तर फोटो हातातून सोडला नाही. त्यांच्या सपनाचं लग्न २५ तारखेला साक्रीला आहे. म्हणाल्या की मनी सपनाना लगनले तीच पोर जोयजे, बठ्ठा फोटो तीच काढी. हार हुकल्याचं मेघाने त्यांना मुद्दाम सांगितलं. तरी त्यांना सगळ्या फोटोंना वृषालीच पाहिजे. एकच धोशा, तीच पोर जोयजे.

आता काय करायचं ते तू ठरव. कॅमेरा मात्र मी परत घेणार नाही. आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला थोडे वृषालीकडे जास्त वळव.

तुझी,
अक्का

•

धुळे
दि. १३ मे २०२५

ती. अक्कास,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. झोंबलं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

काल बुद्धपौर्णिमा. घरात सगळ्यांनी वंदना घेतली, खीर झाली. वृषालीने एक घास खाल्ला आणि वाटी बाजूला सारली. बेबाबाईंचा निरोप मी तिला चार दिवस सांगितलाच नव्हता. काल तिचा चेहरा बघवेना म्हणून सांगितला. मला वाटलं उड्या मारील. तिने उलट विचारलं, पप्पा, साक्रीला वंदना सुरू झाली की मी काय करू?

अक्का, फोटो काढत राहा म्हणावं तर आजवर शिकवलेलं मीच मोडतो. हात जोड म्हणावं तर बेबाबाईंचा विश्वास मोडतो. हेमलता माझ्याकडे बघत होती, पोर बघत होती. मी खीर आणायच्या निमित्ताने आत निघून गेलो.

एवढं ठरवलंय की साक्रीला जायचं. तिच्यासोबत मी जाईन. ताटाची वाट बघायची वेळ आली तर तिथून तिला उठवून आणीन, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं पुढे.

बहिणीने झाडलं तरी भाऊ तुझाच आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझा,
राकेश

•

धुळे
दि. २७ मे २०२५

ती. अक्कास,
राकेशचा सविनय जय भीम. वि. वि.

साक्रीहून काल परत आलो. उन्हाने चेहरा काळवंडला, पण बाकी खुशाल आहोत.

आधी जेवणाचं सांगतो, कारण तू तेच आधी विचारशील. आम्ही पोचलो तसं बेबाबाईंनी वृषालीचा हात धरला आणि नेऊन थेट घरात, नवरीशेजारी जेवायला बसवलं. म्हणाल्या, पोर भुकी ऱ्हायनी तं फोटो कशा चांगला येतीन? सगळ्या मांडवाच्या आधी तिचं ताट. मी दाराशी उभा होतो. मला आबा आठवले. पाणी प्यायच्या निमित्ताने मी बाहेर गेलो, तिथे डोळे पुसले. हे तुला लिहायला मला लाज वाटत नाही.

मग लग्न. तिचं काम मी आजवर असं जवळून बघितलंच नव्हतं गं. एरवी घरात धडपडणारी पोरगी, तिथे गर्दीतून वाट काढत होती आणि कोणाला धक्कासुद्धा लागत नव्हता. कोणीतरी ओ फोटोवाली म्हणून हाक मारली. तिने मागे वळून हसून नाव सांगितलं, वृषाली. पुढे सगळे वृषाली वृषालीच म्हणत राहिले. मी इतकी वर्षं ज्याला घाबरत होतो ते तिने असं सहज निपटून टाकलं.

बौद्धाचार्य उभे राहिले तशी ती थांबली. कॅमेरा हातात, आणि नजर माझ्याकडे. पौर्णिमेला विचारलेलं तिने पुन्हा विचारलं नाही, पण तेच विचारत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि कानात सांगितलं, तू तुझं काम कर, तुझ्या वाटणीची वंदना मी म्हणतो.

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. मी तिच्या मागे हात जोडून उभा राहिलो आणि एकेक ओळ दोनदा म्हटली. एकदा माझी, एकदा तिची. त्यामुळे मी सगळ्यांच्या मागे पडलो. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. प्रतिज्ञा झाली, हार घातले, पाकळ्या पडल्या, तरी माझं पंचशील चालूच होतं. तिचं सगळं टिपून झालं होतं.

रविवारी सकाळच्या गाडीने तिला घेऊन येतो. मयुरीताईंना सांगून ठेव. भावाची माया कमी पडली असेल तर येताना सोबत आणतो.

तुझा,
राकेश

ता. क. प्रशीलला सांग, कॅमेरा आता परत मिळणार नाही.