पाच घरांची शेळी

मंगळ. ६ जाने.
दवाखान्यातून आत्ता आले. माझ्या लेकीला, पूजाला सातवा महिना आणि रक्तही सातच. डॉक्टरीणबाई म्हणाली, चांगलंचुंगलं खायला घाला. घालते की! हे ऊसतोडीवरून आठवड्याला सहाशे पाठवतात, त्यात तेल, तूरडाळ, दूध. बाजार उठताना जाते, तेव्हा मेथी-चाकवत मातीमोल. हुलगे आहेत, शेवग्याचा पाला फुकटचा. पण पू. पाला बघितला की तोंड फिरवते. आज ताट सरकवलं. थोबाडीत देणारच होते, पोटाकडं बघून हात आवरला.

शुक्र. ९ जाने.
घोडेगावच्या बाजारातून शेळी आणली. म्हातारी, लंगडी, म्हणून परवडली. पाच घरांत मिळून. रविवारी कापायची, सारखे वाटे घालायचे. खाटकापेक्षा निम्म्यात पडतं. शेळीचं दावं धाकट्या दिराकडं, दत्ता भावजींकडं, कापणारही तेच. चारचौघांत म्हणाले, "वहिनी, अख्खं काळीज पोरीला. तुमी मटान कमी घ्या." काळजानं रक्त वाढतं म्हणतात. आज पहिल्यांदा बरं वाटलं.

रवि. ११ जाने.
ओठ फाटलाय. लिहिते तरी.
कापायच्या जागी बायांनी जायचं नाही, म्हणून मी घरी मसाला वाटत बसले. तीच चूक. कापणारे काळीज आधी निखाऱ्यावर भाजून खातात, हे लहानपणापासून बघितलंय, आणि नेमकं तेच डोक्यात आलं नाही.
पातेलं घेऊन गेले तर पोत्यावर पाच वाटे मांडलेले. एक म्हातारबाबा न बघता नाव सांगायला पाठ करून उभे, दुसरे वाट्यावर बोट ठेवून विचारतायत, "ह्यो कुनाचा?" काळीज एकाही वाट्यात नाही. भावजी पिऊन बसलेले, उजव्या हातात तार, तारेला काळजाचे शेवटचे तीन तुकडे.
"भावजी, पोरीचं काळीज?"
"चार घास खाल्ले तर काय मरती का पोरगी?"
निखाऱ्यातलं जळतं लाकूड उपसलं आणि त्याच हातावर हाणलं. एकदा नाही, तीनदा. कातडी लाकडाला चिकटून आली, रक्त वाट्यांवर उडालं. त्यानं डाव्या हातानं तोंडात मारली. मी खाली, मग तो खाली, मी त्याच्या छातीवर. म्हाताऱ्यांनी ओढून बाजूला केलं नसतं तर सुरी हाताशीच होती. खोटं कशाला लिहू?
राखेतले तीन तुकडे वेचले. धुतले, कांद्यावर परतले. पू. म्हणाली, "आई, तोंडाला काय झालं?" म्हटलं, खा मुकाट्यानं.

सोम. १२ जाने.
जाऊ दारात येऊन बोंबलून गेली. "आक्का, पोलिसात देते तुमाला! हात सुजून भोपळा झालाय." मी मुसळ घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. आत आली नाही.
ह्यांचा फोन. "माझ्या भावावर हात टाकलास?" पोरीचं एका शब्दानं विचारलं नाही. म्हटलं, इथं असता तर तुमच्यावरही टाकला असता. ठेवला.
वाईट वाटतं का? नाही. म्हणजे, हाताचं थोडं.

बुध. १४ जाने.
संक्रांत. त्या घरातून तिळगुळाला कुणी आलं नाही. मीही गेले नाही. पू. ला तिळाची भाकरी, वर गूळ. खाल्ली एक, पूर्ण.

मंगळ. २० जाने.
सात पॉइंट दोन. एवढं करून!
आता रक्त चढवायचंच म्हणतात. बदल्यात घरातल्या कुणीतरी एक पिशवी द्यायची. मी बाही वर केली. नर्स तपासून म्हणाली, "मावशी, तुमचंच नऊ आहे, तुम्ही काय खाता?" काय सांगू. सगळ्यांचं झाल्यावर पातेलं पुसून खाते.
जावयासकट वस्तीवरचे धडधाकट पुरुष तोडीला गेलेत. उरलेत साठीच्या पुढचे. आणि भावजी.
संध्याकाळी गेले. जाऊ दार अडवून, "त्या दिशी रगत सांडलंत, आज मागाया आलात व्हय?"
"व्हय," म्हटलं.
ते आत खाटेवर, हाताला फडकं. बघितलं माझ्याकडं. माफी माझ्या तोंडातून निघाली नाही, खूप ओढली तरी. सकाळी आठची एसटी आहे एवढं सांगितलं आणि आले.
आला नाही तर दुसरा हातही मोडीन. आला तर पहिलं ताट त्याला वाढीन.