आतून कडी

३ फेब्रुवारी

प्लॉट झाला एकदाचा! सही झाली. तिरकी जागा, मागे दोन झाडं, बाकी सगळी माती. नव्या प्राचार्यांना आमची ही क्वार्टर हवी आहे. ह्यांच्या निवृत्तीनंतरही कॉलेजने मानाने राहू दिलं, हेच खूप. हे इतके खूश की सहीला माझं पेन घेतलं आणि खिशात घालून विसरले.

हे आर्किटेक्ट, कॉलेजात शिकवायचेही तेच. गावातली लायब्ररी ह्यांनी बांधलेली, बस स्टँड ह्यांचा, हॉस्पिटलची ती काँक्रीटची लांबलचक इमारतही ह्यांचीच. लायब्ररीला लोक पहिली पाच-सहा वर्षं 'आगपेटी' म्हणत. आता तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. स्वतःचं घर मात्र चौऱ्याहत्तराव्या वर्षी. "आता बघ," म्हणाले.

बघते. पण छातीत धडकी भरली आहे.

५ फेब्रुवारी

धडकीचं कारण लिहूनच टाकते. ह्यांना दारं चालत नाहीत.

लग्न होऊन या क्वार्टरमध्ये आलो, आणि पहिल्याच सुट्टीत ह्यांनी आतली सगळी दारं बिजागऱ्यांतून काढली, लाकडी घोड्यांवर आडवी टाकली आणि कॉलेजच्या स्टुडिओसाठी ड्रॉइंगची टेबलं केली. अजून आहेत तिथे. दोन भिंतीही पाडल्या. वर्गात दरवर्षी सांगायचे, "नकाशात दार काढलंत म्हणजे तुम्ही हात टेकलेत. जागेनेच माणसाला सांगितलं पाहिजे – इथे थांब, इथून जा." पोरं वहीत लिहून घ्यायची. मग नवी तुकडी घर बघायला यायची – उजेड पार मागच्या भिंतीपर्यंत कसा जातो, हवा कशी खेळते. तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत असायचे, नाहीतर ताप येऊन पडलेली असायचे. पोरं सभ्य हो. माझ्याकडे न बघता माझ्या मागची खिडकी बघायची.

एकदा मासिकाचा फोटोग्राफर आला. माझी छत्री, माझ्या चपला आणि मी – तिघींनाही त्याने चौकटीबाहेर काढलं.

एक दार वाचलं, बाथरूमचं. हे सगळं आत्ता तिथेच बसून लिहिते आहे, बादली पालथी घालून.

८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, सरळ सांग ना बाबांना, एक खोली हवी म्हणून." सांगायला तिचं काय जातंय! ती दहावीला कपाटाच्या मागे बसून अभ्यास करायची. होस्टेलला गेली ती गेलीच.

ह्यांच्या बायकोने दार मागायचं म्हणजे शिंप्याच्या बायकोने दुसरीकडे कपडे शिवायला टाकण्यासारखं. पण आत्ता बोलले नाही तर पुढचं दार थेट स्वर्गाचंच.

१४ फेब्रुवारी

खोडरबर आली. ह्यांची जुनी विद्यार्थिनी. काढायची कमी, खोडायची जास्त, म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव. आता तिचं स्वतःचं ऑफिस आहे, केस पिकलेत, तरी या घरात खोडरबरच. हे सांगणार, ती नकाशे काढणार.

हे फोनवर होते तेवढ्यात चहाचा कप घेऊन ओट्याशी आली. "काकू, तुमचा दिवस सांगा."

"कशाला गं?"

"सरांनीच शिकवलंय. क्लायंटला काय हवं ते विचारायचं नाही. तो दिवसभर काय करतो ते विचारायचं. त्यातून घर निघतं."

इतकी वर्षं पोरांना शिकवलेला धडा, आणि मला त्याचा पत्ता नाही. सांगितला दिवस. "आणि दुपारी जेवणं आटोपल्यावर?" म्हटलं, बाथरूममध्ये बसते. "बरं नसतं का?" बरं असतं. पुस्तक वाचते. कधी नुसतीच बसते. कधी स्वतःशी मोठ्याने बोलते.

ती हसली. मग हसायची थांबली.

सांगितल्यावर इतकं हलकं वाटलं की पुन्हा चहा टाकला.

२० फेब्रुवारी

उद्या ज्युरी! कॉलेजात पोरांची कामं सगळ्यांसमोर तपासत तसा आमच्या घराचा नकाशा उद्या जेवणाच्या टेबलावर तपासणार.

२१ फेब्रुवारी

नकाशा पसरला. हे चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि नेमकं तिथेच बोट ठेवलं. "हे काय?"

"खोली, सर."

"ते कळतंय मला. हे?"

"दार."

मोठा सुस्कारा. "खोड. तुझं तर तेच काम."

खोडरबर जागची हलली नाही. मग ह्यांनी तो नेहमीचा प्रश्न टाकला, ज्याने पोरांची बोबडी वळायची. "क्लायंटला विचारलं होतंस?"

"विचारलं."

"काय म्हणाला क्लायंट?"

"इथेच बसलाय, सर. तुम्हीच विचारा."

हे चक्क इकडेतिकडे बघायला लागले, कोण आलंय म्हणून! मग नजर माझ्यावर येऊन थांबली.

"तुला दार हवंय?"

"हो."

"कशाला?"

"लावायला."

तोंडून एवढंच निघालं. हे उठले. नकाशाची गुंडाळी केली, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

२२ फेब्रुवारी

अबोला. सकाळी वाटलं, इतकी वर्षं गप्प बसले, आणखी थोडी बसले असते. दुपारी वाटलं – छे, बरंच झालं.

२३ फेब्रुवारी

बाजारातून आले तर हे बाथरूममध्ये. दार लावून, माझ्या पालथ्या बादलीवर! बाहेर आले ते म्हणाले, "आत उजेड नाही."

"नाहीच आहे."

"आणि तू इथे वाचतेस?"

"हो."

"कधीपासून?"

मी पिशवीतली भाजी काढायला लागले. त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही." म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत." टोमणा नव्हता, आहे ते सांगितलं. त्यांनीही ते तसंच घेतलं.

संध्याकाळी खोडरबरला फोन केला. माझ्या कानावर आलं – "दार राहू दे. खिडकी मोठी कर."

मी ओट्याशी उभी राहून रडले. सुटले बाई!

१० जून

सुताराने विचारलं, "साहेब, दार आत उघडायचं की बाहेर?" मधे एकही खांब न घेता लायब्ररीचं छप्पर उभं केलेला माणूस. "उद्या सांगतो," म्हणाले. त्यांचा उद्या काही उगवत नाही. पेपरच्या कडांवर, बिलांच्या मागे, सगळीकडे दारंच दारं काढून ठेवली आहेत. दाराची मूठ माझ्या हाताला बसावी म्हणून माझा पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. इतका वेळ हात धरल्याचं मला तरी आठवत नाही.

१९ ऑगस्ट

साइटवर ह्यांचा एक जुना विद्यार्थी आला. तो आता स्वतः प्रोफेसर आहे. माझ्या खोलीची चौकट बघून चेहरा पडला बिचाऱ्याचा. "सर, तुम्ही तर वर्गात..."

आता हे माघार घेतात की काय!

"लिहून घेतलं होतंत ना?" हे म्हणाले. "आता खोडा."

२ नोव्हेंबर

राहायला आलो. पुढे भलामोठा हॉल. स्वयंपाक, बैठक, ह्यांचं टेबल, सगळं एकातच. उजेड म्हणाल तर दिवसभर. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. माझी खोली मागे, झाडांकडे.

दार लावलं. कडी घातली. बसले. काहीच केलं नाही.

बाहेर हे कुणालातरी घर दाखवत होते. "आणि ते?" पाहुण्याने विचारलं. "ते तिचं आहे," हे म्हणाले. "तिथे दाखवण्यासारखं काही नाही."

माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं.

९ नोव्हेंबर

दुपारी पुस्तक घेऊन गेले तर माझ्या खोलीला आतून कडी. टकटक केली. "कोण?" म्हणे. घरात माणसं दोन!

"अहो, मी. उघडा."

मग दारापलीकडून, अगदी हळू – "मलाही अशी खोली हवी होती गं, पहिल्यापासून. पण वर्गात बोलून बसलो होतो."

म्हटलं, बसा निवांत.