चेनची जोड

शिनोली,
१२ डिसेंबर २०२४

आदरणीय जयवंतदादा यांस,
प्रतीक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही इकडे धडधाकट आहोत, हे आधी सांगते, कारण काल मी थोडक्यात वाचले. कारखान्यात तुझे कान गेल्यापासून फोनवर तुला काही कळत नाही, आणि जानकावहिनीला सांगावं तर ती रडत बसेल. म्हणून पत्र.

दिवाळीपासून आमच्या दुकानात झाडं कापायच्या मशीनच्या, म्हणजे चेनसॉच्या, चेनही बनवून देतो. लांबलचक चेनचं बंडल आणायचं, गिऱ्हाइकाच्या मशीनच्या मापाने तोडायचं आणि दोन टोकं रिव्हेटने, म्हणजे डोकं चेपून बसवायच्या खिळ्याने, जोडायची. जोडायचं काम आमचे हे, तुझे लाडके रुपेशराव, हातोडी आणि ठोकायचा लोखंडी पंच घेऊन करतात. काल अशीच एक चेन घरच्या मशीनवर चढवून हे मागे बाभळीचा ओंडका कापत होते. मी कपडे वाळत घालत होते. एकदम आवाज बदलला, चाबूक ओढल्यासारखं काही झालं आणि मशीन बंद पडलं. चेन तुटली होती. तिची एक कडी माझ्या मागच्या पत्र्यातून आरपार गेली. दादा, पत्र्याला पडलेलं भोक माझ्या कानाच्या उंचीवर आहे.

हे हसले. नशीब बलवत्तर, म्हणाले, आणि दुसरी चेन ठोकायला बसले. मी मात्र कालपासून माणसात नाही. दुकानात कुणी मशीन चालवून बघायला लागलं की मी आत जाऊन कानांवर हात दाबून बसते. तू उभी हयात टूलरूममध्ये काढलीस. कोणती अवजारं घ्यायची आणि चांगलं-वाईट कसं ओळखायचं, तेवढं लिही. भोकाचं वहिनीला सांगू नकोस.

कळावे. धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
प्रतीक्षा


बोरी बुद्रुक,
१६ डिसेंबर २०२४

चि. प्रतीक्षास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझं तोंड असं झालं की जानकानं ते हातातून ओढूनच घेतलं. तेव्हा भोकाचं तिला कळलं. आता ती मलाच बोलतीय, की असल्या घरात बहीण दिलीच कशाला.

अवजारांचं सांगतो, पण मला भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटतीय. दिवाळीपासून ठोकून जोडलेल्या चेन रुपेशरावांनी कुणाकुणाला दिल्या? त्या आज कुणाच्या हातात चालतायत? आधी त्या परत आणा, मग बाकीचं. हातोडीनं रिव्हेटचं डोकं वाकडंतिकडं बसतं, कधी बारीक तडा जातो. वरून काहीच दिसत न्हाई. चालत्या मशीनच्या मागून कधी जाऊ नकोस, आणि चेन ज्या रेषेत फिरते त्या रेषेत तर उभीच राहू नकोस.

आता अवजारं. रिव्हेट बाहेर ढकलायला चेन ब्रेकर, आणि नवीन रिव्हेटचं डोकं दाबून, फिरवून बसवायला स्पिनर. दोन्ही जड, टेबलाला बोल्टनं बसणारी घ्या. तुमच्याच बंडलाचा तुकडा दुकानात घेऊन जा आणि तिथंच जोडून बघा. ब्रेकरच्या खाचेत चेन डुगडुगली, तर ते अवजार तुमच्या मापाचं न्हाई. जोडलेली कडी बाकीच्या कड्यांसारखी आपल्या वजनानं वाकली पाहिजे. ताठ राहिली तरी वाईट, खुळखुळली तरी वाईट. काढलेली कडी पुन्हा वापरायची न्हाई, नवीनच घ्यायची. दाताला धार लावायची गोल कानसही चेनच्या मापाचीच लागते.

टपालाचा भरवसा न्हाई. आमचा मोहित उद्या सकाळी मोटारसायकलवर तिकडं येतोय, त्याच्याच हाती हे देतो. रुपेशरावांवर ओरडू नकोस. घाबरलेला माणूसच जास्त हसतो.

तुम्ही दोघं जपून राहा, एवढंच मागणं.
तुझा दादा,
जयवंत


शिनोली,
२३ डिसेंबर २०२४

आदरणीय दादा यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मोहितने दिलेलं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. हसले नाहीत. आधी म्हणाले, चेन परत मागितल्या तर सगळा गाव रुपेशचा माल भंगार म्हणेल. मग उठून चपला घातल्या. चेन गावातच दोघातिघांकडे होत्या. पण एक झाडं तोडणाऱ्या गोरखभाऊंकडे होती, आणि ते बायकोला, कुशाबाईंना, घेऊन भीमाशंकरच्या रस्त्याला, डोंगराच्या बाजूला झाडं तोडायला गेले होते. फोन लागेना. हे गावात फिरले, मी मोहितच्या गाडीवर बसले.

मशीनचा आवाज लांबूनच आला. खाली ओढ्याच्या काठाला गोरखभाऊ पाठमोरे कापत होते आणि कुशाबाई त्यांच्या पुढ्यात, नेमक्या चेनच्या रेषेत वाकून फांद्या ओढत होत्या. मी ओरडले. माझंच मला ऐकू आलं नाही. मागून जाऊन त्यांचा हात धरावा असं सारखं वाटत होतं, पण तुझं लिहिलेलं आठवलं. शेतातून लांबचा वळसा घालून मी समोरच्या बाजूला, रेषेच्या बाहेर गेले आणि ओढणी काढून हलवायला लागले. आता तुटेल, आता तुटेल, एवढंच डोक्यात. एकदा मी डोळे मिटलेही.

शेवटी कुशाबाईंनी मला पाहिलं. त्यांना वाटलं, घरी कुणीतरी गेलं. त्या हंबरडा फोडून माझ्याकडे पळत सुटल्या, आणि त्यांच्या पळण्यामुळे गोरखभाऊंनी मान वर करून मशीन बंद केलं. मग मी त्यांना चेनचं सांगितलं.

चेन उतरवली. जोडाची कडी वाकतच नव्हती. गोरखभाऊंनी पकडीत धरून जरा पिळली, तर रिव्हेटचं डोकं तुटून हातात आलं. कुशाबाई त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. गोरखभाऊ शिवी देतील असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, वहिनी, अजून आर्धं झाड बाकी व्हतं.

संध्याकाळी तो तुकडा मी ह्यांच्या हातावर ठेवला. हे रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघं अवजारं घ्यायला नारायणगावला गेलो. दुकानदाराने आधी ब्रेकरचं चकचकीत, हलकं अवजार पुढे केलं. आमचा तुकडा खाचेत डुगडुगला. त्याने दुसरं काढलं, काळं, ग्रीसने माखलेलं, मला दोन हातांनी उचलावं लागलं. त्यावर हे बाजूला सरले आणि मला म्हणाले, तू जोड. मी तिथल्याच स्पिनरवर चेन जोडली. कडी उचलून धरली तशी खाली लोंबली. ह्यांनी ती कितीतरी वेळ हलवून बघितली आणि तीच दोन्ही अवजारं घ्यायचं ठरलं.

परवा गोरखभाऊ कुशाबाईंना घेऊन स्वतःहून आले. गाव काय म्हणतंय ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही. चेन पाहिजे, पण वहिनीने जोडलेली, म्हणाले. प्रत्येक रिव्हेट मी दोनदा तपासला. मग त्यांनी कुशाबाईंना आणि आम्हाला बाजूला उभं केलं, चिंचेचा ओंडका दगडांवर ठेवला आणि मशीनची दोरी ओढली. ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. ह्यांचा तळवा घामाने ओला होता. तेव्हा मला कळलं की घाबरलेला माणूसच जास्त हसतो, असं तू लिहिलंस ते खरं होतं.

आवाज वाढत गेला. मी आत पळाले नाही. ओंडका दोन तुकडे होऊन पडला तरी हे माझं मनगट सोडेनात.

कळावे. वहिनीला म्हणावं, आता रागावू नकोस, एकदा येऊन जा.
तुझी,
प्रतीक्षा