बिननावाचा दगड

सर, तुमच्याशी भांडायचं तर तुम्ही असतानाच भांडायला हवं होतं, पण तेव्हा मला काही ठाऊकच नव्हतं. परवा दौंडच्या कॉलेजातली मुलं घेऊन मी कवठे येमाईच्या अलीकडच्या त्या वाडीवर गेले. शिरूरच्या शाळेतून तुम्ही आम्हाला तिथंच वीरगळ दाखवायला नेलं होतं. लढाईत पडलेल्या कुणाचा तरी दगड. खाली कोरलेली झुंज, वर शिवाची पिंड, सगळा शेंदरानं माखलेला. मी नखानं शेंदूर खरवडायला लागले आणि तुम्ही हातावर चापट मारलीत. "हा शेंदूरही इतिहासच आहे. लोक काय मानतात ते वेगळं लिहायचं, दगड काय सांगतो ते वेगळं. दगडावर नाव नाही, तर आपण द्यायचं नाही." एवढ्यावर मी इतिहास घेतला, सर.

आता तिथं फरशीचा ओटा आहे, भोवती कठडा, आणि काळ्या ग्रॅनाइटवर गावच्या पुढारी घराण्याच्या मूळपुरुषाचं नाव. पूर्वी पोळ्याला पहिला शेंदूर लावायचा मान शेजारच्या मळ्यातल्या घराचा होता. त्या घरची सून तेव्हा आपल्यासमोर शेंदूर कालवत होती, आठवतं? ती आता म्हातारी झालीय आणि कठड्याबाहेर उभी राहते. पाटी वाचून मी हसले. म्हटलं, हे कुणाचं डोकं?

"तुमच्या सरांचंच की," ती म्हणाली. "गावसभेत हुबं ऱ्हाऊन सांगितलं, दगुड पुढाऱ्यांच्या पूर्वजाचा हाय, मान बी त्येंचाच. शिकलेला मानूस बोलल्यावर आमचं कोन ऐकतंय?"

"सर असं बोलणार नाहीत, आजी."

"म्होरंच बसले व्हते मी. माझ्याकडं बघितलं बी न्हाई त्यांनी."

भीती होती, भीड होती, की शाल-नारळाची हौस? काहीही असो, मला संताप येतोय. लोकांच्या श्रद्धेला तुम्ही कधी हसला नाहीत, आणि तिलाच खोटा पुरावा जोडून मोकळे झालात. त्या बाईच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या जपलेला मान तुमच्या शब्दानं खोटा ठरला. फसवलंत तुम्ही, तिला आणि मला.

पोळ्याआधीच्या ग्रामसभेत मी सांगणार आहे की दगडावर नाव नाही. तुम्ही खोटं बोललात, हेही सांगावं लागेल. त्याची तयारी म्हणून हे लिहायला बसले, पाठवणार कुठं? पर्समध्येच राहील. एक मात्र तुम्हाला सांगते. परतीच्या गाडीत एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लोकांचं वेगळं, दगडाचं वेगळं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी तुमचं नाव घेतलं नाही.