तीन फियाट आणि मागची सीट

मी, सत्यवतीबाई भ्रतार कै. बाबाराव सोनकुसरे, वय वर्षे एकसष्ट, धंदा हातमागाच्या साड्यांचा व्यापार व घरकाम, मुक्काम महाल, नागपूर, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गोड बोलण्याचा उल्लेख वकिलांच्या मसुद्यात नव्हता. तो मी घातला, कारण माझा गळा कापला गेला तो केसानेच. माझी बुद्धी स्थिर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. घरातल्या काही माणसांचे मत वेगळे आहे, ते त्यांनी आपल्याजवळ ठेवावे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते या लेखाने रद्द समजावे. ते लिहिले तेव्हा माझा सगळ्यांवर विश्वास होता.

कलम १. महालातले राहते घर माझ्या नावावर आहे. वरचा मजला व मागचे अंगण माझा एकुलता मुलगा श्रीधर यास द्यावे. खालची रस्त्याकडची खोली माझी नणंद इंदूबाई हिला हयातभर द्यावी. इंदूबाई ही माझ्या यजमानांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती परत आली, तेव्हापासून याच घरात आहे. खोलीची किल्ली तिच्याच कमरेला असावी. तिला कोठे जायचे असेल तर तिने कोणाची मर्जी सांभाळू नये. हे कलम मी रागाच्या भरात लिहिले आहे असे तिला जरूर सांगावे. दया म्हणून खोली दिली असे तिने समजू नये.

कलम २. दुकान व त्यातला माल श्रीधरला. दुकान तो चांगले चालवतो. मोटारीचे पुढे येईलच.

कलम ३. माझे दागिने सुनेला द्यावेत. फक्त पाटल्या शोधत कपाटे उपसू नयेत. पाटल्या कपाटात नाहीत. त्या कोठे गेल्या ते कलम ६ मध्ये कळेल.

कलम ४. मोटारी. वकील भैयाजी म्हणाले, "बाई, मोटारीचं पुराण कायले लिहून राहिल्या? नंबर लिहा न् मोकळ्या व्हा." पण नुसता नंबर लिहिला तर गाडी कोणाला दिली ते कळेल, का दिली ते कळणार नाही.

या घरात तीन फियाट आल्या. पहिली अठ्ठावन्न साली. तिची पाठ गोल होती म्हणून लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. पुढचे दार मागच्या बाजूने टांगलेले, म्हणजे उलटे उघडणारे. नऊवारी नेसून उतरायला तसे दार पुन्हा मिळाले नाही. पाय आधी खाली ठेवावा आणि मग आपण उभे राहावे, पदरही अडकत नाही. खाप्याच्या आणि उमरेडच्या विणकरांकडून साड्या आणायला यजमानांनी ती घेतली, पण चाक हातात आले की ते श्वास धरून बसत. एकदा खाप्याला जाताना पाटणसावंगीजवळ त्यांनी गाडी बाजूला घेतली, घाम पुसला आणि म्हणाले, "मले नाही जमत वं. तू बस इकडे. गाडी तुयं ऐकते." त्याआधी मी मैदानात चार-दोन गोल फेऱ्या मारल्या होत्या, तेवढेच. गाडीने खरेच माझे ऐकले. तेव्हापासून यजमान मागे साड्यांच्या गठ्ठ्यांजवळ बसत आणि सुखाने डुलकी काढत. बायकोच्या मागे बसण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. लोकांना वाटला, तो लोकांचा प्रश्न.

दुसरी पासष्ट साली, डिलाइट. दार सरळ झाले, पाठ चौकोनी झाली, मागे दोन टोके आली. पहिलीला चढावर जोर मागावा लागे, दुसरी मागायच्या आत देई. मेकॅनिक नत्थूजी यांनी तिचे हेड घासून इंजिनाची ताकद वाढवून दिली. तेव्हापासून ती पेट्रोल जास्त प्यायला लागली आणि मी कोणाच्या मागे राहिले नाही. कार्तिकात रामटेकच्या जत्रेला महालातले साडीवाले आपापल्या मोटारी घेऊन निघत. तोंडाने सगळे "सावकाश जाऊ" म्हणत, पण कामठी सोडली की शर्यत लागे. मोठमोठ्या अँबेसेडर मागे टाकून मी अंबाळा तलावाच्या काठी पहिली पोचत असे आणि यजमान मागच्या सीटवरून डोळे चोळत उतरून म्हणत, "आम्ही तं आरामात आलो."

या धावण्यात माझा अर्धा जीव इंदूबाईच्या हाती होता. त्या काळी रामटेककडे जाणाऱ्या जबलपूर रोडला मधोमध डांबराची अरुंद पट्टी होती. समोरून ट्रक आला की वेग न मोडता डावी चाके खाली मातीत उतरवायची. मातीत बैलगाडी आहे की मैलाचा दगड की पुलाचा कठडा, हे धुळीत उजवीकडून नीट दिसत नाही. डावीकडे बसलेल्या माणसाने सांगायचे. मी विचारायची, "इंदू, डावी?" ती म्हणायची, "मोकळी, वैनी." मी चाके उतरवायची. चौदा वर्षे आम्ही अशा धावलो. गाडीला कधी ओरखडा नाही, आणि तिने एकदाही "थांब" म्हटले नाही. मी चारचौघींत सांगत असे की उजवा डोळा माझा आहे आणि डावा इंदूचा आहे.

कलम ५. तिसरी गाडी, पद्मिनी. ती माझ्या मिळकतीत नाही, म्हणून ती मी कोणाला देऊ शकत नाही. कशी नाही ते लिहून ठेवते.

चौऱ्याहत्तर साली यजमानांनी नवी गाडी माझ्यासाठी म्हणून नोंदवली. नोंदवल्यावर वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरात एक गाडी असताना पुन्हा आपलेच नाव टाकण्यापेक्षा दुसऱ्याचे टाकावे, असे तेव्हा नागपुरातले निम्मे व्यापारी करत. कोणी मुनीमाचे टाकी, कोणी म्हाताऱ्या आईचे. जो माणूस कधी काही मागणार नाही त्याचे नाव शोधायचे. आमच्या घरात असे माणूस कोण, याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. इंदूबाईचे नाव टाकले. तिला विचारले नाही, फक्त सही कोठे करायची ते दाखवले.

सत्याहत्तर साली यजमान गेले. एकोणऐंशीत गाडी येणार असे कळले तेव्हा मी डिलाइट सावनेरच्या एका कापूसवाल्याला विकली. नवी सून यायची म्हणून जुनी लेक सासरी धाडावी, तसे मन घट्ट केले. दसऱ्याला पद्मिनी दारात आली. मी हार घातला, बोनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले, चाकांखाली लिंबे ठेवली आणि उजव्या दाराशी गेले. तिथे श्रीधर बसला होता. त्याच्या डावीकडे इंदूबाई बसली होती.

"आई, तू मांगं बस," श्रीधर म्हणाला. "आत्याबाईनं गाडी मले देली. आता तुयं वय झालं. महालातले लोक हासून राहिले का बापाचा धंदा पोरगा पाहाते न् मोटार माय पळवते."

मी इंदूबाईकडे पाहिले. ती खाली चाकाखालच्या लिंबाकडे पाहत होती. "इंदू, हे खरं आहे?" मी विचारले. ती म्हणाली, "श्रीधर हळू चालवतो, वैनी."

सगळा बोळ दारात उभा होता. मी मागे बसले. लिंबे चिरडल्याचा आवाज मला मागच्या सीटवर ऐकू आला. मी चालवत असले की तो कधी ऐकू येत नसे.

म्हणून तिसऱ्या गाडीबद्दल मालक म्हणून मला काही लिहिता येत नाही. मागून दिसते तेवढे लिहिते. ती दुसरीचीच सख्खी बहीण आहे. अंग तेच, मागची टोके तीच, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी तसाच. समोरची जाळी बदलली आणि नाव बदलले. तिचा आवाज ऐकून मला कळते की ती पळेल. पण श्रीधर चौथा गिअर टाकायला मुहूर्त पाहतो, तिसऱ्यातच तिला म्हातारी करतो आहे. मी मागून सांगितले तर म्हणतो, "आई, तू शांत बस गा." गा! बरोबरीच्या गड्याला म्हणावे तसे आईला गा! रस्त्यावर बैलगाडी आमच्यापुढे गेली तरी मी शांत बसते.

एवढ्यावर भागले असते तर मी हे कलम इथेच संपवले असते. नाव तिचे, गाडी तिची, तिने भाच्याला दिली. केसाने गळा कापला खरा, पण तो केस आम्हीच तिच्या हातात दिला होता. खरा घाव पुढे आहे.

त्याच हिवाळ्यात रामटेकला जाताना समोरून ट्रक आला आणि श्रीधर लहानपणापासून माझे ऐकलेल्या सवयीने म्हणाला, "आत्याबाई, डावी?" इंदूबाई गप्प. त्याने गाडी थांबवली, वळून पाहिले आणि हसला. "पाह्य, आई. आत्याबाई डोळे मिटून बसली."

मी मागून विचारले, "कव्हापासून मिटते वं इंदू?"

ती म्हणाली, "पहिल्यापासून, वैनी. मले भेव वाटे. मी रामाचं नाव घेत जाय."

"मंग मोकळी काहून म्हणत होती?"

"तू विचारत होती म्हणून. एकदा का भेव वाटते म्हटलं असतं, तं तू मले पुढच्या खेपेले नेलं नसतं. मी घरी राहिली असती."

चौदा वर्षे. मी माझा, मागे डुलक्या काढणाऱ्या नवऱ्याचा आणि समोरच्या बैलांचा जीव त्या एका शब्दावर टाकत होते, आणि तो शब्द डोळे मिटून सांगितलेला होता. गाडी गेली त्याचे मला इतके लागले नाही. माझी सगळी धाव, रामटेकचे ते पहिले पोचणे, हे माझ्या हाताचे कसब की नुसती रामाची कृपा, हे आता मला कधीच कळणार नाही. ते इंदूबाईने माझ्याकडून नेले. मी तिला अजून क्षमा केलेली नाही आणि या कागदानेही करत नाही. तिचे म्हणणे खोटे नाही, ही गोष्ट वेगळी. घरातून बाहेर पडायला तिला माझ्या गाडीखेरीज दार नव्हते. आम्ही कोणी तिला दुसरे दाखवले नाही. कलम १ मधली किल्ली त्यासाठी आहे.

कलम ६. आता पाटल्या. ब्याऐंशी साली त्या मोडून मी सावनेरच्या कापूसवाल्याकडून डिलाइट परत घेतली. ती खाप्याला माझा भाऊ रामाजी याच्या अंगणात, हातमागाच्या छपराखाली उभी आहे. दर महिन्याला मी विणकरांकडे माल पाहायला एसटीने खाप्याला जाते, असे घरी सर्वांना वाटते. माल मी पाहते, पण घटकाभरच. उरलेला दिवस मी कन्हान नदीच्या काठाने गाडी चालवते. डावी बाजू स्वतः मान लांब करून पाहते. त्यामुळे वेग कमी झाला आहे. हे लिहिताना मला राग येतो, तरी खरे ते लिहिले.

नत्थूजींनी दिलेले पाने, जॅक आणि माझा पिवळा फडका डिकीत आहेत. पाने व जॅक नत्थूजींना परत करावे. फडका डिकीतच राहू द्यावा.

डिलाइट गाडी मी इंदूबाईला देते. पूर्वी तिच्या नावावर गाडी टाकली ती तिला न विचारता, कारण ती कधी मागणार नाही अशी आमची खात्री होती. या वेळी ती तिचीच व्हावी म्हणून टाकते. तिने ती विकावी, ठेवावी, शिकून चालवावी, तिची मर्जी. अट एकच आहे.

माझ्या अस्थी रामटेकला अंबाळ्यात सोडाव्यात. त्या याच गाडीतून न्याव्यात. गाडी श्रीधरने चालवावी आणि कामठी सोडल्यावर चौथा गिअर टाकावा. इंदूबाईने डावीकडे बसावे आणि माझा कलश तिच्या मांडीवर असावा. मला मागे बसवू नये. मागची सीट रिकामी ठेवावी. समोरून ट्रक आला की श्रीधरने "डावी?" असे विचारावे आणि इंदूबाईने डोळे उघडे ठेवून, पाहून, मग सांगावे. तिला भीती वाटली तर "थांब" म्हणावे, श्रीधरने थांबावे. तिने वाटेत डोळे मिटले असतील तर गाडी रामाजीकडे परत जावी.

यावर भैयाजींनी हरकत घेतली की डोळे मिटले की नाही हे ठरवणार कोण, श्रीधरचे लक्ष तर रस्त्यावर असेल. हरकत बरोबर आहे. तरी मी अट बदलत नाही. रामटेकला पोचल्यावर इंदूबाईला विचारावे. ती जे सांगेल ते खरे धरावे. मी चौदा वर्षे तेच केले.

हे मृत्युपत्र मी वाचून, पुन्हा वाचून, एकही शब्द न गाळता खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही करून पुरे केले. साक्षीदारांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या.

सही: सत्यवतीबाई भ्रतार बाबाराव सोनकुसरे

साक्षीदार:
१. भैयाजी देवघरे, वकील, राहणार महाल, नागपूर
२. डॉ. गोपिका हेडाऊ, राहणार महाल, नागपूर

ठिकाण: नागपूर
दिनांक: ९ मार्च १९८७