कु. नूपुर पाताडे हिला पुन्हा बेरोजगार समजण्याबाबत

प्रति,
मा. समन्वयक,
प्लेसमेंट सेल,
कै. यशोदाबाई नाडकर्णी वाणिज्य महाविद्यालय,
गिरगाव, मुंबई.

दिनांक : १८ फेब्रुवारी २०२५

विषय : नोकरी लागलेल्यांच्या यादीतून नाव कमी करून शनिवारच्या मुलाखतीस बसू देण्याबाबत.

संदर्भ : १) कॉलेजच्या फाटकावरील फलक, फोटो क्रमांक ७. २) आपला नियम ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’.

महोदया,

सविनय निवेदन की, अर्जदार कु. नूपुर वसंत पाताडे, तृतीय वर्ष वाणिज्य, राहणार घोडपदेव, हिला कुठेही नोकरी लागलेली नाही. आपल्या दफ्तरी मात्र ती लागलेली आहे. हे कसे घडले ते अर्जदार काही न लपवता मांडत आहे, कारण निम्मा दोष तिच्या घरचाच आहे.

१. दिनांक ४ रोजी एका खासगी कंपनीने अर्जदारास मुलाखतीला बोलावले. तिचे आजोबा, अप्पा, माझगावच्या गोदीतून टाइमकीपर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या उमेदीच्या काळात गोदीच्या फाटकातून आत बोलावणे आले की माणूस चिकटलाच. बोलावून परत पाठवायची रीत त्यांनी पाहिलेली नाही. त्यामुळे इकडे अर्जदार कुडत्याला इस्त्री करत होती आणि तिकडे अप्पा अर्धा किलो पेढे घेऊन आपल्या कार्यालयात पोहोचले होते. बाजारात तुरी ही म्हण त्यांना ठाऊक आहे, पण ती इतरांसाठी असते असे त्यांचे मत पडते.

२. आपले लिपिक श्री. बुधाजी तांडेल यांनी दोन पेढे खाल्ले आणि रजिस्टरात अर्जदाराच्या नावापुढे ‘नियुक्त’ असे लिहिले. कंपनीचे नाव विचारायचे राहून गेल्याने त्या रकान्यात ‘नामांकित’ अशी नोंद आहे.

३. मुलाखतीनंतर तिसऱ्या दिवशी कंपनीने कळवले की, अर्जदाराची माहिती जपून ठेवण्यात येईल. याचा अर्थ अर्जदारास लगेच कळला. ती रडली, हेही नमूद करते.

४. नोंद दुरुस्त करून घ्यायला ती गेली असता श्री. तांडेल अत्यंत सौजन्याने म्हणाले, “अगं, पेढे वाटल्यावर नोकरी मागे घेता येते काय? शंभर टक्के नोकऱ्यांचा बॅनर तुझ्या फोटोसकट छापून आलाय.” तरीही हट्टच असेल तर नोकरी नसल्याचा दाखला त्या कंपनीकडून आणावा, असे त्यांनी सुचवले. अर्जदाराने कंपनीला तशी विनंती केली. असे दाखले फक्त आमच्या कर्मचाऱ्यांनाच दिले जातात, असे कंपनीचे उत्तर आले. कंपनीची दोन्ही उत्तरे सोबत जोडली आहेत.

दरम्यान फलकाने आपले काम चोख बजावले. चाळीतल्या सखुबाईंनी आपल्या भाच्याचा, कल्पेशचा, बायोडाटा अर्जदाराच्या हाती ठेवला आणि साहेबांच्या कानावर घालायला सांगितले. पुढे आपल्याच सेलने अर्जदारास ‘मी नोकरी कशी मिळवली’ या विषयावर वर्गासमोर बोलायला बोलावले. नाही म्हणायचा तिला धीर झाला नाही. ती वीस मिनिटे बोलली, टाळ्या पडल्या, पुष्पगुच्छही मिळाला. ऐकणाऱ्यांतील भाविका हिला त्या सल्ल्यावर गेल्या आठवड्यात खरोखरच नोकरी लागली. अर्जदारास याचा आनंद आहे आणि थोडा रागही आहे.

घरी अप्पा तिची नजर चुकवतात. चूक झाली असे ते तोंडाने म्हणणार नाहीत, पण चार दिवस ते स्वतःचा चहा स्वतःच करून पीत आहेत. त्यांच्यावर रागवायचे अर्जदाराच्या मनात फार आहे, पण ते जमत नाही.

शनिवारी येणारी विमा कंपनी ही यंदाची शेवटची. तिच्या मुलाखतींच्या यादीत अर्जदाराचे नाव नाही, कारण नियमाप्रमाणे तिची एक नोकरी झालेली आहे. महोदया, अर्जदारास नोकरी हवी आहे, मनापासून हवी आहे. तरी तिला बेरोजगार समजून मुलाखतीस बसू द्यावे. फलकावरचा फोटो राहिला तरी तिची तक्रार नाही.

मात्र नोंद बदलणे अशक्यच असेल, तर अर्जदारास ही नोकरी नेमकी कुठे लागली आहे, तेवढे तरी शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे. सोमवारी सकाळी साडेनऊला ती तिथे हजर राहील.

आपल्या दफ्तरी नोकरदार,
प्रत्यक्षात घरीच असलेली,

(सही)
नूपुर वसंत पाताडे